पेरायच्या मडक्यातलं बी

अंगणवाडीच्या खिडकीत चहाचे कागदी कप ओळीनं मांडले होते. प्रत्येकावर स्केचपेननं नाव लिहिलेलं, कुणाचं कन्नडात, कुणाचं मराठीत, आणि प्रत्येकात बोटभर हिरवी ज्वारी उभी होती. दुसऱ्या दिवसापासून दसऱ्याची सुट्टी, म्हणून पोरांनी आपापले कप घरी न्यायचे होते. मी भावाच्या नातीला न्यायला गेले होते. गावी आले की हे काम मी मागून घेते. बीदरच्या माझ्या घरात ने-आण करण्यासारखं आता कुणी उरलेलं नाही. सगळी पोरं कप सांभाळत दारातून बाहेर पडली, पण आमची रोहिणी काही येईना. ती खिडकीखाली भिंतीकडे तोंड करून उभी होती. एका हातात कप, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. कपात नुसती काळी माती होती.

"काय झालं गं?"

"माझं उगवलं न्हाई," ती भिंतीला म्हणाली.

मी सत्तरीकडे झुकलेली बाई. चाळीस वर्षं शाळेत काढली, हजारभर पोरांची रडगाणी ऐकली. तरी त्या रिकाम्या मातीपुढं मी थबकले. ती माती माझ्या ओळखीची होती. याच गावात, याच दिवसांत, पाच वर्षांची असताना मी ती पहिल्यांदा बघितली होती. तेव्हा कप नव्हते, करवंट्या होत्या.

आमची बालवाडी भरायची जुन्या चावडीत. निजामाच्या वेळचे कागद तिथून केव्हाच हलले होते, पण त्यांचा वास भिंतींनी सोडला नव्हता. सकाळी दुधाच्या पावडरीचं दूध उकळायला लागलं की त्या कुबट वासात दुधाचा वास मिसळायचा आणि काहीतरी तिसरंच तयार व्हायचं. आजही एखाद्या सरकारी कचेरीत कुणी जुनी फाईल उघडली की मला भूक लागते. माझ्या या भुकेचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शिकवायला गौरक्का होती. आळंदच्या बाजूची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि फारच रागावली तर उर्दू. त्यामुळे ती उर्दूत बोलायला लागली की आम्ही गप्प बसायचो, अर्थ कळो न कळो. पाटीवरच्या पेन्सिलीला ती बळप म्हणायची, म्हणून आम्हीही बळपच म्हणायचो. पुढं मोठ्या शाळेत गुरुजींनी पेन्सिल काढा म्हटलं तेव्हा मी बळप हातात धरून पेन्सिल शोधत बसले होते.

बसायला एक लांब तरटाची पट्टी होती. तिच्यावर कुणी कुणाशेजारी बसायचं हे अक्का ठरवायची आणि रोज बदलायची. आज मोठ्या घरची शरणम्मा माझ्या डावीकडे, तर उद्या तिसराच कुणी. या बदलण्यात अक्काच्या मनात काय होतं ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा आपलं वाटायचं, हिच्या काही लक्षात राहत नाही.

पाऊस मागं सरायला लागला, पहाटे अंगावर ओढायला काहीतरी लागायला लागलं, की चावडीत दसऱ्याची शिकवणी सुरू व्हायची. चिंचोके मांडून वीसपर्यंत मोजायचं, आधी मराठीत आणि मग कन्नडात. ओंदु, एरडु, मूरु म्हणताना चिंचोके पुढं सरकवायचे आणि वीस झाले की सगळे परत आपल्याकडे ओढायचे. पाटीवर एकाचे आकडे उभे-आडवे जोडून सरस्वती काढायची. एकदा काढली की सुट्टी संपेपर्यंत पुसायची नाही, त्यामुळे पाटीवर दुसरं काही लिहायला जागाच राहायची नाही. विद्येच्या देवीनं आम्हाला विद्येतून दिलेली ती सुट्टी आम्हाला फार आवडायची.

आणि एके दिवशी अक्का म्हणाली, "उद्या येताना घरनं मूठभर ज्वारी आणा. पेरायचं बी आणा बरं का. करवंट्या मी देते. बी कसं उगवतं ते आपुन बघू."

आमच्या घरात घट बसत नव्हता. माझ्या जन्माआधीच अप्पांनी दीक्षा घेतली होती आणि देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून मांजरा नदीत सोडून आले होते. देव्हाऱ्याच्या जागी भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक निळ्या कोटातली आणि एक मिटल्या डोळ्यांची. दसऱ्याच्या दिवशी आम्ही धुतलेले कपडे घालून त्यांच्यापुढं मेणबत्ती लावायचो. नवरात्रात गावभर घट बसले, घराघरांतून ओल्या मातीचा आणि तेलवातीचा वास यायला लागला, की माय जरा गप्प गप्प असायची. एकदा ती म्हणाली, "माझी सासू नऊ दिस पायात चप्पल घालत नव्हती." अप्पा म्हणाले, "तिच्याकडं चप्पल हुती कुठं?" मायला हसू आलं आणि विषय तिथंच संपला.

तेव्हा मातीत धान्य पेरून त्याला रोज पाणी घालायचं म्हणजे घट, आणि घट म्हणजे अप्पांनी सोडलेली गोष्ट, एवढा हिशेब मला येत होता. बी पेरायचंय असं घरी सांगितलं तर अप्पा नको म्हणतील. नाही नेलं तर पट्टीवर मी एकटीच रिकाम्या हातानं बसेन. शेवटी मी कुणालाच काही सांगितलं नाही.

घरात ज्वारीची दोन मडकी होती. एक खायचं, एक पेरायचं. पेरायच्या मडक्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला चालायला येण्याआधीच शिकवलं होतं. दुसरी कुठली पोर असती तर तिनं खायच्या मडक्यातली मूठ उचलली असती आणि काम झालं असतं. पण अक्कानं पेरायचं बी सांगितलं होतं. माझा शहाणपणा मला नडला. माय पाण्याला गेल्यावर मी कोपऱ्यातल्या मडक्यात हात घातला. एरवी त्याचं तोंड शेणामातीनं लिंपून बंद केलेलं असायचं. त्या वर्षी नुसतं फडकं बांधलं होतं. असं का, हे मला विचारावंसं वाटलं नाही. विचारणार तरी कुणाला?

चावडीच्या ओसरीत अक्कानं रानातली काळी माती चाळून ठेवली होती. करवंटीत माती, मातीवर दाणे, दाण्यांवर पुन्हा मातीचा पातळ थर, आणि मग बोटं बुडवून पाण्याचे थेंब. आम्हाला नावं लिहिता येत नव्हती, म्हणून प्रत्येक करवंटीवर चुन्याचे ठिपके. माझे दोन, शरणम्माचे तीन. करवंट्या खिडकीत ओळीनं लागल्या. रोज सकाळी पाणी शिंपडून झालं की अक्का म्हणायला लावायची, "बा बा जोळ, म्याल बा! ये गं ज्वारी, वर ये!" कन्नडातून आणि मराठीतून दोन्हीकडून बोलावणं गेलं म्हणजे ज्वारीला न येण्याला सबब नको, असं तिचं म्हणणं होतं.

तिसऱ्या दिवशी शरणम्माच्या करवंटीत पांढरट टोक दिसलं. शरणम्मा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. तिनं अशी काही आरोळी ठोकली की बाहेर बांधलेली शेळी दावं तोडायला लागली. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या करवंट्या हिरव्या झाल्या. माझी काळीच राहिली. मी पाणी घातलं, आणखी घातलं. सगळ्यांच्या आधी येऊन दोन्ही भाषांत बोलावून पाहिलं. ज्वारी काही आली नाही.

पाच वर्षांच्या पोरीचं मन त्या वेळी कुठं कुठं जातं! एकदा वाटलं, देव सोडलेल्या घरातलं बी देवाला चालत नसेल. एकदा वाटलं, तसं नाही, अप्पांनी सोडलेली गोष्ट मी चोरून केली म्हणून हे झालं. देवाच्या बाजूनं बघितलं तरी गुन्हेगार मी, अप्पांच्या बाजूनं बघितलं तरी मीच. घरी भाकरी गिळेना. मायनं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

पाचव्या दिवशी दूध प्यायला सगळी पोरं ओसरीत गेली. मी मागं राहिले आणि शरणम्माच्या करवंटीतले पाच कोंब उपटून माझ्या मातीत खोचले. बोटानं माती दाबली. लांबून बघितलं तर छान दिसत होतं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी ते पाचही कोंब माना टाकून पडले होते. तेवढ्यात शरणम्मानं भोकाड पसरलं. अक्कानं मोजायला शिकवलं होतं ना, तर ही रोज आपले कोंब मोजत होती. "काल चौदा हुते! आज नऊच! माझे पाच उंदरानं खाल्ले!"

अक्का खिडकीपाशी आली. तिनं शरणम्माची करवंटी बघितली, मग ओळीतल्या सगळ्या बघितल्या आणि माझ्या करवंटीपाशी थांबली. एक कोंब अलगद उचलला. त्याला ना मूळ होतं, ना दाणा. मला वाटलं, आता उर्दू सुरू होणार. ती मराठीतच म्हणाली, "इकडं ये गं."

मी तिच्याशेजारी बसले. तिच्या लुगड्याला दुधाचा आणि चुन्याचा वास येत होता. "हे शरणीचे हायत न्हवं?" मी मान हलवली. "तुझं कामून उगवलं न्हाई?" मला रडू फुटलं. "रडू नको. बी कुठलं आणलतीस? भाजलेलं आणलीस का काय, हुरड्याबिरड्याचं?"

"न्हाई. पेरायच्या मडक्यातलं."

अक्काचा माझ्या पाठीवरून फिरणारा हात थांबला. "पेरायच्या? नीट आठव. खायच्यातलं न्हाई?"

"न्हाई अक्का. तुमीच म्हणलात पेरायचं आणा."

"तुझे अप्पा कवा पेरायलेत?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. सावडीचे बैल तवाच मिळायलेत."

अक्का उठली. दूध झाकून ठेवलं, माझी करवंटी उचलली, पायात चपला घातल्या.

तिला काय कळलं होतं ते मला नंतर कळलं. आमचं तीन एकर काळं रान होतं आणि बैल नव्हते. अप्पा दुसऱ्यांच्या रानात राबायचे, त्या बदल्यात त्यांचे बैल आम्हाला मिळायचे, पण ठरलेल्या एकाच दिवशी. रब्बीची ज्वारी म्हणजे आमची वर्षाची भाकरी. जमिनीत ओल असते ती मोजकी. एकदा तिफण फिरली आणि उगवलंच नाही, तर दुसऱ्यांदा पेरायला ना ओल राहते ना बैल. इतरांच्या घरी घटात उगवलेल्या धान्यावरून बायका-माणसं बियाचा अंदाज घ्यायची. आमच्या घरी तो घट बंद झाला होता, आणि मडक्यातलं बी तसंच मडक्यात होतं.

भर दुपारी चावडीतून मिरवणूक निघाली. पुढं करवंटी घेतलेली अक्का, तिच्या पदराला धरलेली मी, आणि मागं बालवाडीतली यच्चयावत पोरं. पारावर बसलेल्या कुणीतरी विचारलं, "अक्का, सहाव्या दिशीच घट उठवायलात का काय?" अक्का थांबली नाही. आमच्या वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्याला दोन-चार पोरं कचरली. घरी सांगितलेलं त्यांना आठवलं असणार. अक्कानं मागं वळून उर्दूत काहीतरी म्हटलं आणि ती मुकाट्यानं चालायला लागली.

अप्पा दारात तिफणीचा फण घट्ट करत बसले होते. माय उंबऱ्यात दाणे पाखडत होती. समोर अक्का, अक्काच्या हातात मातीची करवंटी, करवंटीशेजारी मी, आणि मागं अर्धं गाव. अप्पांनी करवंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी डोळेच मिटून घेतले.

"हे काय?" अप्पांचा आवाज आला.

"घट न्हाई अण्णा," अक्का म्हणाली. "शाळा हाय. पोरीला बोलू नका, मी सांगितलं म्हणून तिनं आणलं. तुमच्या पेरायच्या मडक्यातलं बी हाय, आज सहावा दिस. सगळ्यांचं उगवलं. हे तेवढं बघा."

मी एक डोळा उघडला. अप्पांनी करवंटी घेतली. बोटानं माती उकरली, एक दाणा काढला, नखानं फोडला. दाणा आतून तपकिरी होता. त्यांनी तो नाकाशी नेला. मग दुसरा काढला, तिसरा काढला. मायचं सूप थांबलं होतं. अप्पांनी एकदा, फक्त एकदा तिच्याकडे बघितलं, आणि दाणे मातीत टाकून दिले.

"जुनं झालं वाटतं बी," ते म्हणाले. "मेलेलं हाय."

मग ते तिफणीवरच टेकले. कपाळाचा घाम पुसला. "अक्का," ते म्हणाले, "पाच दिसांनी तिफण धरली असती की वो मी. उगवायची वाट बघत बसलो असतो महिनाभर." आणि एकदम हसायला लागले. अप्पांना मी मोठ्यानं हसताना फारसं बघितलेलं नव्हतं. त्यांनी मला ओढून मांडीवर घेतलं. त्यांच्या हाताला लोखंडाचा आणि घामाचा वास होता. त्या एका मिनिटात माझी इतक्या दिवसांची धास्ती अशी विरघळली की मला तिथंच मांडीवर झोप यायला लागली. सुटकेसारखं सुख नाही, हे मला त्या दिवशी कळलं ते कळलं.

"पण बी कुठलं आणायचं आता?" माय म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं होतं.

"आमच्या घरी लई हाय!" मागून शरणम्मा ओरडली. "माझं चौदा उगवलंय! पाच हिनं घेतले!"

संध्याकाळी अप्पा खायची ज्वारी घेऊन शरणम्माच्या घरी गेले आणि मापाला माप देऊन पेरायची घेऊन आले. त्या दिवसानं गाव काही बदललं नाही. शरणम्माच्या वडलांनी बी ओट्यावर उभं राहून मापलं आणि अप्पांनी खाली उभं राहून धोतराच्या सोग्यात घेतलं. पण माप झाल्यावर त्यांनी वर आणखी एक मूठ टाकली, पेरणीला उणं पडू नये म्हणून. अप्पा पुढं किती वर्षं त्या मुठीची गोष्ट सांगायचे. ओट्याचीही सांगायचे. एक सांगितली आणि दुसरी गाळली, असं त्यांनी कधी केलं नाही.

शरणम्मानं मात्र फुकट काही सोडलं नाही. पाच कोंबांचे पाच चिंचोके माझ्याकडून मोजून घेतले, ओंदु, एरडु करत.

त्या वर्षीच्या ज्वारीचं मला अजून आठवतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माय तिफणीमागं चाड्यावर मूठ धरून बी सोडत चालली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून अप्पा मला रोज रानात न्यायला लागले. सहाव्या दिवशी सकाळी दव होतं आणि काळ्या मातीवर बारीक हिरव्या रेघा उमटल्या होत्या, पाटीवर ओढल्यासारख्या सरळ. अप्पा बांधावर उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मी मात्र वाकून वाकून मोजत राहिले. वीसपर्यंत पोचायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे, कारण वीसच्या पुढचं अक्कानं सुट्टीनंतर शिकवते म्हणून सांगितलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरी दर वर्षी नवरात्रात एक करवंटी बसायला लागली. घट म्हणायचं नाही, करवंटी म्हणायचं. पूजा नाही, हळदकुंकू नाही. पेरायच्या मडक्यातले वीस दाणे मोजून टाकायचे, त्या दोन तसबिरींखालच्या फळीवर ठेवायची आणि किती उगवले ते बघायचं. सोळाच्या वर आले तर बी चांगलं. मोजायचं काम माझं, पेरायचं मायचं. अप्पांनी ते पहिल्या वर्षीच तिच्याकडे दिलं. "तुझ्या हातानं उगवतंय," म्हणायचे. करवंटी हातात घेताना मायचा चेहरा दर वर्षी थोडा उतरायचा. मला वाटायचं, सासूच्या घटाची आठवण येत असेल.

मी शिकून मास्तरीण झाले, बीदरला राहायला गेले, तरी दसऱ्याच्या सुट्टीत करवंटीसाठी गावी यायचेच. अशाच एका वर्षी, तोवर अप्पांचे केस पार पांढरे झाले होते आणि मायच्या बोटांची पेरं सुजलेली असायची, ती फळीपाशी माती कालवत बसली होती. अप्पा दाराशी तंबाखू मळत होते. वीस दाणे मातीवर टाकले आणि माय एकदम म्हणाली, "एक सांगायचं राह्यलंय."

आम्ही दोघांनी बघितलं. ती मातीकडेच बघत होती.

"त्या वर्सीचं बी जुनं नव्हतं. भादव्यात छप्पर गळालं, तुमी दोन दिस जनवाड्याला भावकीत गेलता. मडक्यात पाणी गेलं. मला लई भ्या वाटलं. चुलीच्या कडंला पोतं टाकून पसरलं आन् रातदिस जाळ घातला. खडखडीत वाळलं म्हणून परत भरलं. बी मी मारलं."

माझ्या डोळ्यांपुढं ते फडकं बांधलेलं मडकं आलं. वीस-बावीस वर्षं हे ओझं घेऊन ही बाई दर नवरात्रात करवंटी पेरत होती.

अप्पांनी तंबाखू तोंडात टाकली. हात झटकले. "म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"दाण्याला नख लावलं तवाच धुराचा वास आलता."

मायनं पहिल्यांदा वर बघितलं. "मग इतकी वर्सं बोलला कामून न्हाई?"

"बोलून उगवलं असतं का?"

मायनं करवंटीशेजारची ओली माती मूठभर उचलली आणि अप्पांच्या अंगावर फेकली. "माझ्या जिवाला घोर लावून बसलाय मेला माणूस," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. ती हसायलीय का रडायलीय ते मला कळेना. दोन्ही असावं. अप्पा धोतरावरची माती झटकत होते आणि म्हणत होते, "अगं, त्यातले दाणे तर न्हाईत ना टाकले? वीस मोजलेत पोरीनं." त्या रात्री मायनं पुरणपोळी केली. सण अजून आठवडाभर लांब होता, तिला कोण विचारणार?

त्या वर्षी विसातले एकोणीस उगवले.

आता दोघंही नाहीत. गौरक्काही नाही. चावडी पाडून तिथंच ही अंगणवाडी बांधली. फरशी गुळगुळीत आहे, भिंतींवर फळांची चित्रं आहेत, आणि जुन्या कागदांचा वास शोधूनही सापडत नाही. मी रोहिणीच्या हातातला कप घेतला. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, धूर येणार कुठून? तरी मी तो नाकाशी नेला. ओल्या मातीचाच वास आला, आणि मला उगाचच हायसं वाटलं.

गुडघे कुरकुरत मी तिच्याशेजारी खाली बसले आणि बोटानं माती उकरली. दाणा टम्म फुगला होता आणि एका कडेला सुईच्या टोकाएवढं पांढरं दिसत होतं.

"हे बघ. उगवायलंय की. पाणी लई घातलीस, म्हणून उशीर झालाय."

तिनं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. आनंद व्हायला हवा होता, पण तिचा खालचा ओठ बाहेर आला, आणि तिनं ती मघापासून मिटलेली मूठ माझ्यापुढं उघडली. आत तीन हिरवे कोंब होते, घामानं चिंबलेले.

"कुणाचे गं?"

"बसूचे," ती पुटपुटली. बसू म्हणजे शेजारच्या गल्लीतला बसवराज, तिच्याच वर्गातला.

"त्याला मोजता येतंय का?"

"दहापर्यंत."

"मग ऊठ," मी म्हटलं. "त्यानं मोजायच्या आत सांगून येऊ."

तिनं तळहातावरचे कोंब पुन्हा मुठीत घेतले, दुसरा हात माझ्या हातात दिला, आणि आम्ही बसूच्या घराकडे निघालो.